‘जाड’ म्हणजे नक्की कसा?
सिंथचा (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) आवाज ‘जरा जाड कर’ म्हटलं की समोरचा बास वाढवतो. हवं असतं भलतंच: दोन ऑसिलेटर (सिंथमधले मूळ आवाज निर्माण करणारे भाग) एकमेकांपासून ८-१० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा, लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग) सरकवून येणारा भरलेपणा. म्हणून आधी लाट, म्हणजे ऑसिलेटरच्या ध्वनिलहरीचा आकार, सांगा. सॉ-टूथ (करवतीच्या दातांसारख्या) लाटेत सगळे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर), म्हणून तो पेटीसारखा करकरीत. स्क्वेअर (चौकोनी) लाटेत फक्त विषम पटीतले, म्हणून पोकळ. ‘शेजारच्या खोलीतून आल्यासारखा’ म्हणजे लो-पास फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचे स्वर तो गाळतो ती मर्यादा) खाली. गणपतीतल्या बेंजोसारखा कानात घुसायला हवा? ईक्यूवर (आवाजातले वरचे-खालचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) २ ते ४ किलोहर्ट्झ उचला. ‘गढूळ’ म्हणजे बहुतेकदा २०० ते ४०० हर्ट्झमधली गर्दी, संध्याकाळच्या दादरच्या पुलासारखी (तिथे मात्र ईक्यू चालत नाही). अटॅकही (आवाज शून्यापासून पूर्ण जोरावर यायला लागणारा वेळ) सांगा: ५ मिलिसेकंदांना जो आवाज टोचतो, तोच ५०० ला हळूहळू उमलतो.