जुना जर्मन पियानो घेताय? आधी या चुका टाळा

जर्मनीत मुलं पियानो शिकायला लागली की घरी एकच चर्चा, डिजिटल घ्यायचा की खरा, आणि मग कोणीतरी सांगतंच की अरे इथे लोक जुने पियानो फुकट देऊन टाकतात. खरंय ते. 'त्सु फेरशेंकन', म्हणजे फुकट न्या, अशा जाहिराती कायम दिसतात, आणि झाकणावर सोनेरी अक्षरात बेखश्टाइन किंवा ब्ल्यूटनर असं नामांकित जर्मन कंपनीचं नाव दिसलं की आपला हात लगेच फोनकडे जातो. आम्ही पण असाच एका घरातून शंभरेक वर्षांचा पियानो उचलला. ट्यूनर बोलावला, सूर छान लागला, आणि तीन आठवड्यांत सगळं उतरलं.

कारण होतं पिनब्लॉक. पियानोत साधारण 230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण 18-20 टनांच्या घरात जातो, आणि प्रत्येक तार ज्या पिनेवर गुंडाळलेली असते ती पिन लाकडाच्या जाड फळीत, म्हणजेच पिनब्लॉकमध्ये, नुसती घट्ट बसवलेली असते. वर्षानुवर्षं हीटरची कोरडी हवा लागून त्या लाकडाची पकड गेली की पिन ताण धरत नाही. तंबोऱ्याची खुंटी सरकली तर खडू लावून भागतं, इथे जाड पिना घालायच्या नाहीतर आख्खी फळी बदलायची, आणि त्याचा खर्च हजारो युरोत. म्हणून घ्यायच्या आधी ट्यूनरला सोबत न्या, त्याची फी देऊन न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या फ्रेमला तडा असेल तर तिथूनच परत फिरा. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी पाटीला, बारीक चीर असणं मात्र तेवढं वाईट नाही, वाजवताना झणझण येत नसेल तर चालतं.

दुसरी चूक नावाची, आणि यात भलेभले फसतात. ग्रोट्रियान-श्टाइनवेग असं दिसलं की काहींना ती स्टाइनवे या प्रसिद्ध कंपनीची नक्कल वाटते, तर काही विकणारे स्टाइनवेच म्हणून सांगतात. दोन्ही चूक. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगराच्या पायथ्याशी झेझेन गावात हाइनरिश श्टाइनवेगने 1836 मध्ये घरच्या स्वयंपाकघरात पहिला ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो, बांधला, 1850 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि 1853 मध्ये न्यूयॉर्कला स्टाइनवे अँड सन्स सुरू झाली. मोठा मुलगा थिओडोर मागे राहिला होता, त्याने 1865 मध्ये आमच्या ब्राउनश्वाइग शहरातला कारखाना ग्रोट्रियान आणि भागीदारांना विकला. म्हणजे मूळ एकच पण कंपन्या वेगळ्या, आणि ग्रोट्रियान स्वतःच्या नावावर उत्तम पियानो आहे, त्याला उधारीच्या नावाची गरज नाही. उलट बाजूही बघा, रिटम्युलर हे नाव 1795 सालच्या, जर्मनीतल्या ग्योटिंगनचं पण आजचे रिटम्युलर चीनमध्ये बनतात. चिनी पियानो वाईट असतो असं अजिबात नाही, पण जर्मन समजून जर्मन भाव देऊ नका. फ्रेमवरचा सिरियल नंबर लिहून घ्या, त्यावरून बनवल्याचं साल कळतं.

ब्ल्यूटनरचा जुना ग्रँड बघत असाल तर अजून एक. 1873 च्या पेटंटनुसार त्यांच्या वरच्या सप्तकांत तीन तारांसोबत चौथी तार असते, तारेवर आपटणारा हातोडा (हॅमर) तिला लागत नाही, ती आपोआप गुंजते, अगदी सतारीच्या तरफांसारखी. ती तुटलीय तरी काही फरक पडत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्या वाद्याचा आवाजच तिच्यात आहे.

पट्ट्या नीट बघा. पांढऱ्या पट्टीवर काळ्या पट्टीच्या पुढच्या टोकाजवळ आडवी बारीक रेघ असेल तर वरचं आवरण बहुतेक हस्तिदंताचं, दोन तुकडे जोडलेलं. असा पियानो पुढे भारतात न्यायचा विचार सोडून द्या, हस्तिदंतावरच्या निर्बंधांमुळे कागदपत्रांत अडकाल. आणि एरवीसुद्धा मुंबई-कोकणात न्यायचा असेल तर पावसाळ्याची हवा लक्षात ठेवा, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात.

घरी आणल्यावरची चूक म्हणजे हीटरशेजारी ठेवणं. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्के हवी, हिवाळ्यात ती सहज 30 वर येते, एक साधा आर्द्रतामापक शेजारी ठेवा. एखादी पट्टी अडकली तर लगेच मोठा बिघाड समजू नका, बऱ्याचदा दोन पट्ट्यांमध्ये पेन्सिल किंवा नाणं पडलेलं असतं. अनेक वर्षं ट्यून न झालेला पियानो एका बैठकीत 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर ओढायला सांगू नका, तारा तुटतात, दोन-तीन टप्प्यांत चढवू द्या. आणि आणल्या आणल्या ट्यूनरला बोलवायची घाई करू नका, तीन-चार आठवडे पियानोला तुमच्या खोलीच्या हवेत रुळू द्या, मगच ट्यूनिंग करून घ्या.