आधी राउटर, मग बाकीचं: नाशकात घरून काम करताना

नाशकात बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करत असाल तर लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट), अँटीव्हायरस वगैरे ऑफिसनेच टाकून दिलेलं असतं. राउटर मात्र फायबरवाल्याने दहा मिनिटांत भिंतीला ठोकलेला असतो आणि वायफायचा पासवर्ड बहुतेक वेळा तुमचाच मोबाइल नंबर असतो. तोच नंबर खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरही चिकटवलेला असतो.

राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. लोक पहिला बदलतात. दुसरा ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ तसाच राहतो. सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (आकडे इंग्रजी कीबोर्डने). नेमका पत्ता राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो.

काहीही बदलण्याआधी फायबरवाल्याकडून पीपीपीओईचा (म्हणजे राउटरने कंपनीच्या नेटला जोडून घ्यायच्या लॉगिनचा) युजर आयडी आणि पासवर्ड मागून वहीत लिहून ठेवा. सेटिंगचा नवा पासवर्ड विसरलात तर मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून राउटर रिसेट करता येतो. पण मग पीपीपीओईची माहितीही पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. सोमवारी सकाळी हे होऊ नये म्हणून काम रविवारी दुपारी काढा.

आता दोन्ही पासवर्ड बदला. वायफायच्या पासवर्डला ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडलेत की पुरे. सुरक्षा, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र ठेवा, नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. ‘डब्ल्यूपीएस’, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन दिसतो आठ आकडी, पण तपासला जातो दोन तुकड्यांत. त्यामुळे दहा कोटी नव्हे, जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. ‘रिमोट मॅनेजमेंट’ही, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, बंद हवं. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना राउटर इन्व्हर्टरवर असू द्या. मध्येच लाइट गेली तर राउटर कायमचा आडवा होऊ शकतो.

टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे आणि मुलांचे फोन गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, टाका. स्वस्त कॅमेऱ्यांना अपडेट क्वचितच येतात. त्यातून कोणी आत शिरलंच तर तो ऑफिसच्या लॅपटॉपपर्यंत पोचू नये.

फोनकडे येऊ. ‘बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज कापू’ असा मेसेज दहा आकडी खासगी नंबरवरून आला तर तो महावितरणचा नाही. त्याच वाटेने लग्नपत्रिका आणि आरटीओ चलान येतात, फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अँड्रॉइडचं अ‍ॅप असतं. असं अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिलीत की बँकेचाच नाही, ऑफिसच्या लॉगिनचाही ओटीपी चोराच्या हाती. म्हणून ऑफिसच्या मेलला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन) लावा. कोणी स्टारने सुरू होणारा नंबर फिरवायला लावला असेल तर तुमचे कॉल चोराच्या नंबरवर वळवले (फॉरवर्ड) गेले असण्याची शक्यता आहे. ##००२# फिरवल्यावर सगळे फॉरवर्ड रद्द होतात.

कॉलेज रोडवरच्या कॅफेत किंवा पंचवटी एक्सप्रेसमध्ये काम करायचं तर स्वतःचा हॉटस्पॉट वापरा. चहा आणायला उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते. लॅपटॉप स्वतःचा असेल आणि त्यात अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, हे लक्षात घ्या.

चुकून खोट्या लिंकवर किंवा फाइलवर क्लिक झालंच तर लॅपटॉपचं वायफाय आणि केबल आधी तोडा, पण लॅपटॉप बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो. दुसऱ्या फोनवरून ऑफिसच्या आयटीला लगेच कळवा. ओरडा बसेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबणं सगळ्यात महाग पडतं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, हाताशी यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट ठेवा. आणि लॅपटॉप फॉरमॅट मारायला दुकानात नेऊ नका. मारलात तर कोण कुठून शिरलं हे शोधायला काहीच उरत नाही.