गाड्यांवर ओरडू नका, त्यांचा वेग मोजा

मी नोकरीभर लोकांचे हिशेब तपासले. त्यामुळे ‘आमच्या रस्त्यावर गाड्या फार सुसाट जातात हो’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न: सुसाट म्हणजे किती? कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात, अर्जाला आकडे जोडणारा एखादाच. स्वयंसेवकाने करायचं ते एवढंच. गाडी अडवणं, चालकाशी हुज्जत घालणं आपलं काम नाही आणि रातोरात सिमेंटचा उंचवटा घालणं तर नाहीच. अंधारात त्यावरून दुचाकीवालाच आपटतो.

आधी वाहतूक पोलिसांच्या कानावर घाला. ब्रिटनमध्ये ‘कम्युनिटी स्पीडवॉच’ नावाने हे चालतं: पोलीस शिकवतात, स्वयंसेवक वेग टिपतात आणि गाडीमालकाला समजुतीचं पत्र जातं. तुमच्याकडे अशी योजना नसली तरी मोजायला काय हरकत आहे?

रडार गन लागत नाही. वळण, सिग्नल जवळ नसलेला सरळ तुकडा निवडा. रस्त्यावर न उतरता, कडेकडेने टेप लावून १०० मीटर मोजा (पावलं टाकून नव्हे) आणि दोन्ही टोकांना खडूची रेघ ओढा. पहिल्या रेघेपाशी एक जण, दुसऱ्या रेघेपाशी स्टॉपवॉचवाला. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की पहिल्याने हात खाली घ्यायचा, तो बघून दुसऱ्याने घड्याळ सुरू करायचं, तेच चाक दुसऱ्या रेघेवर आलं की घड्याळ बंद. फोनवरून ‘आता’ म्हणू नका, आवाज किंचित उशिराच पोचतो. एकट्याने एका टोकाला उभं राहूनही जमत नाही. लांबची रेघ तिरकी दिसते आणि चूक तिथेच शिरते. मग ३६० ला सेकंदांनी भागायचं. १२ सेकंद लागले तर ताशी ३० किलोमीटर, ७.२ लागले तर ५०.

मोकळ्या धावणाऱ्या गाड्याच धरा. रांगेतली मागची गाडी पुढचीच्या वेगाने जाते, म्हणून रांगेतली फक्त पहिली घ्या. हळू जाणाऱ्याही लिहा, नाहीतर ती वही नव्हे, आरोपपत्र होईल. १०० गाड्या झाल्या की कमी वेगापासून चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा बघा. रस्त्याचे अभियंते हाच आकडा विचारतात.

मोजताना आडोशाला उभे राहा, कारण चकाकणारं जाकीट दिसलं की प्रत्येक जण सज्जन होतो. निव्वळ वेग कमी करायचा असेल तेव्हा खुशाल जाकीट घालून दिसेल असं उभं राहावं, पण त्या दिवशीचे आकडे अर्जात घालू नयेत. गाड्यांचे नंबर गटावर टाकू नका. त्यात शेजारचे काका निघतात, आणि मग मोजायला कुणी येत नाही.

‘तीस काय नि पन्नास काय’ म्हणणारा भेटेलच. त्याला सांगा: पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर ५० ची गाडी तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक न लागताच. कोरड्या रस्त्यावर ३० ची गाडी साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते.

अर्ज एका पानाचा ठेवा: जागा, वार, वेळ, ८५ वा आकडा, आणि मागणी एकच, उदाहरणार्थ उंच केलेलं पादचारी क्रॉसिंग. पोच घ्या. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि तेही पान त्याच टेबलावर नेऊन द्या.