मॅन्युअल की ऑटो? आधी खिडकीशी बसा

कॅमेरा शिकताना एक म्हणतो मॅन्युअलशिवाय (सगळं स्वतः ठरवायचं) हात लावू नकोस, दुसरा म्हणतो ऑटोच (सगळं कॅमेऱ्यावर सोडायचं) बरा. नवशिक्याने दोघांनाही आठवडाभर बाजूला ठेवावं. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा (डायलवर 'ए' किंवा 'एव्ही'; लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेळ कॅमेरा), आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ४०० वर पक्का करा. खिडकीजवळ पितळी तांब्या ठेवा, मागे चारेक फुटांवर काहीतरी रंगीत. झूम न हलवता, तांब्यावरच फोकस ठेवून एफ/५.६, एफ/८, एफ/१६ (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान) असे तीन फोटो काढा. मागचं कसं स्पष्ट होत जातं ते पाहा, आणि शटरचा आकडाही, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं: ५.६ वरून ८ वर जाताना वेळ दुप्पट होतो, १/१२५ सेकंदाचा साधारण १/६०. एफ/१६ ला वेळ आणखी वाढतो, हात हलून फोटो बिघडेल, म्हणून कॅमेरा टेबलावर टेकवा.