हलक्या ट्विन विमानासाठी टर्बो की साधे इंजिन?

मल्टी-इंजिन रेटिंगच्या, म्हणजे एकाहून अधिक इंजिनांचे विमान उडवण्याच्या परवान्याच्या, तयारीला लागलेले विद्यार्थी टर्बोबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वेग असतो. मी त्यांना आधी विमानाच्या हँडबुकातील सिंगल-इंजिन सर्व्हिस सीलिंग पाहायला सांगतो, म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर मिनिटाला जेमतेम ५० फूट चढता येते ती उंची.

पायपर सेनेका या दोन इंजिनांच्या हलक्या विमानाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या, की फरक लक्षात येतो. पहिल्या सेनेकात लायकॉमिंगची प्रत्येकी २०० अश्वशक्तीची साधी, म्हणजे टर्बो नसलेली, इंजिने होती, तर १९७५ च्या सेनेका-२ मध्ये कॉन्टिनेन्टलची तितक्याच अश्वशक्तीची टर्बो इंजिने आली. पूर्ण वजनावर पहिलीची ही सीलिंग चार हजार फुटांच्या आसपास आहे, दुसरीची १३,४०० फूट. साधे इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के शक्ती गमावते. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून आत घालतो आणि ठरावीक उंचीपर्यंत ही घट भरून काढतो.

हा प्रश्न केवळ हिमालयाचा नाही. पुण्याच्या विमानतळाची उंची १,९४२ फूट आहे आणि तापमान ४० अंशांवर गेले, की तेथील डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, ५,४०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे पूर्ण भरलेली पहिली सेनेका धावपट्टीवर उभी असतानाच आपल्या सीलिंगच्या वर असते. अशा दुपारी उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेले, तर दुसरे फक्त खाली येण्याचा वेग कमी करते. टर्बो असला तरी पंख आणि प्रोपेलर यांना विरळ हवाच मिळते, त्यामुळे टेकऑफची धाव लांबतेच, हेही विसरू नये.

टर्बोची किंमत मात्र वैमानिकाच्या हाताला मोजावी लागते. सेनेका-२ चे वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट कमी-जास्त करणारी झडप) स्थिर असल्याने थ्रॉटल घाईने पुढे सारला, तर मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या ४० इंचांची मर्यादा सहज ओलांडते. उतरल्यावर टर्बो थंड होईपर्यंत इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवावे लागते, आणि उंचीचा खरा फायदा घ्यायचा तर ऑक्सिजनची सोय हवी. शिवाय साध्या इंजिनाची शक्ती उंचीबरोबर घटते, तशी व्हीएमसीही, म्हणजे एक इंजिन बंद असताना विमान ताब्यात ठेवता येईल असा किमान वेगही, खाली येते. टर्बोत ती बराच काळ तशीच राहते. सरावात हा फरक ध्यानात ठेवावा.

रेटिंग आणि तास जमवण्यासाठी मी साध्या इंजिनाचीच शिफारस करतो: इंधन बेताचे, सामान कमी आणि उड्डाण सकाळी लवकर. जे अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या भागात उडणार आहेत, जेथे लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे, त्यांनी टर्बोच घ्यावा. डायमंड डीए४२ या दोन इंजिनांच्या विमानावर शिकलेल्यांनी सेनेका-२ उडवताना विशेष जपावे, कारण तिची टर्बोडिझेल इंजिने संगणक सांभाळतो आणि मॅनिफोल्ड प्रेशरवर नजर ठेवण्याची सवय हाताला लागतच नाही. जुनी सेनेका-२ घेण्यापूर्वी तिच्यावर स्वयंचलित वेस्टगेट बसवलेले आहे का, हे अवश्य विचारावे.