मुलाखतीत अनुभव कसा सांगावा
वेळेवर पोहोचणे आणि नीटनेटका पोशाख हे तर हवेच. पण मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो तो उमेदवाराने सांगितलेला प्रत्यक्ष प्रसंग, ‘मी मेहनती आहे’ यासारखी विशेषणे नव्हेत. म्हणून आदल्या दिवशी पदाची जाहिरात पुन्हा नीट वाचावी, तिच्यात मागितलेल्या प्रत्येक प्रमुख कौशल्यासाठी आपल्या कामातील किंवा शिक्षणातील एक खरा प्रसंग निवडावा, आणि अडचण काय होती, आपण स्वतः नेमके काय केले व त्यातून काय निष्पन्न झाले, हे दीड-दोन मिनिटांत मोठ्याने सांगून पाहावे. मनात सुसंगत वाटणारे उत्तर बोलताना अनेकदा भरकटते, हे तेव्हाच कळते. मात्र ते शब्दशः पाठ करू नये. पाठांतर चटकन ओळखू येते. सांघिक कामाविषयी बोलताना केवळ ‘आम्ही’ म्हणून थांबू नये, आपला वाटा स्पष्ट करावा आणि सहकाऱ्यांचे श्रेयही मोकळेपणाने द्यावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर तसे सरळ मान्य करून आपण ते कसे शोधले असते एवढे सांगावे. माझ्या मते ओढूनताणून दिलेल्या उत्तरापेक्षा हे कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते.