नळाची वेळ बदलायची? आधी गावाला विचारा

ठराव लिहून झाल्यावर ग्रामसभा बोलावू नका. आपल्याला फक्त सहीला बोलावलंय हे लोकांना लगेच कळतं. निदान दोन पर्याय खुले ठेवा. नोटीस फळ्यावर लावून भागत नाही. दवंडी द्या, वाड्यावस्त्यांवर माणूस पाठवा आणि नेमका प्रश्न लिहा: ‘पाणी सकाळी ६ ला सोडायचं की संध्याकाळी ५ ला?’ ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा’ एवढ्यासाठी कोणी रोज बुडवून येत नाही.

नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती उरकून टाकू नका. टोकाच्या घरापर्यंत पाणी पोहोचायला अर्धा तास लागतो आणि तोवर मजुरीची गाडी निघून जाते, हे हंडे भरणाऱ्या बायकाच सांगू शकतात.

गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, ही एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या. पण ते सगळे एकाच आळीतले असले तर? हजेरीत नावापुढे वस्तीही लिहा; कोण आलं नाही ते तिथेच दिसतं.

विरोधातलं म्हणणं इतिवृत्तात बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपा, उठण्याआधी वाचून दाखवा. आठवड्याभरात फळ्यावर लावा: काय मान्य झालं, काय नाही, आणि का नाही.